गाडी जागच्या जागी उड्या का मारते?

रानातली वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे धाराशिव जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी एक छोटा चढ असतो. भराव टाकून रस्ता उंच झालेला, वाट खालीच राहिलेली आणि मधल्या दहा-पंधरा फुटांत सुटी खडी. चार माणसं आणि डिकीत दोन पोती घेऊन एखादी छोटी कार तिथे थांबते. चालक पहिला गिअर टाकतो, रेस देतो, क्लच सोडतो. गाडी वर चढायचं सोडून पुढच्या बाजूने धडधड उड्या मारायला लागते. स्टिअरिंग हाताला हिसके देतं, डॅशबोर्ड थरथरतो, बोनेटखालून ठोकल्यासारखा आवाज येतो. आणखी रेस दिली की उड्या आणखी वाढतात. शेवटी चालक पाय काढतो, गाडी थोडी मागे घेतो, क्लच हळूच सोडतो आणि तीच गाडी त्याच चढावरून निमूटपणे वर येते.

यात कोडं आहे. इंजिनात ताकद कमी असती, तर गाडी बंद पडली असती. टायरला पकड नसती, तर चाक नुसतं गरगरलं असतं. इथे दोन्ही झालं नाही. चाक आपटत राहिलं आणि कमी जोर लावल्यावर काम झालं. मोटारीच्या भाषेत याला व्हील हॉप म्हणतात, आपण चाक उडणं म्हणू. त्यावरचा एक उपाय म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये बसवायचा छोटा डॅम्पर बाजारात मिळतो. तो नेमकं काय करतो आणि कुणी बसवावा, हे कळायला आधी इंजिन गाडीत कशावर उभं असतं ते पाहावं लागेल.

आडवं इंजिन आणि त्याचं फाउंडेशन

जुन्या प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबॅसिडरमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने उभं असायचं आणि जोर मागच्या चाकांना जायचा. 1959 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ ही गाडी केली. तिच्यात इंजिन आडवं टाकून त्याच्याच खालच्या गिअरबॉक्समधून पुढची चाकं फिरवली होती. पाच वर्षांनी फियाटचे दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका रांगेत मांडला. ‘ऑटोबियांकी प्रिम्युला’ आणि 1969 ची ‘फियाट 128’ यांतून ही मांडणी जगभर गेली. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800 आणि 1998 च्या अखेरीस आलेली टाटा इंडिका या दोन्ही आडव्या इंजिनाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या. आज गावोगावी दिसणाऱ्या बहुतेक छोट्या कार याच वळणाच्या आहेत.

या मांडणीत जागा खूप वाचते, पण एक गोष्ट बदलते. चाकांना पुढे फिरवणारा सगळा जोर इंजिन-गिअरबॉक्सच्या एकाच गठ्ठ्यातून निघतो, म्हणून त्याची उलट प्रतिक्रियाही त्याच गठ्ठ्यावर येते. न्यूटनचा तिसरा नियम इथे डोळ्यांनी दिसतो. चाकं पुढच्या दिशेला फिरली की इंजिनाचा माथा मागे, चालकाकडे झुकतो. रिव्हर्स टाकला की तोच माथा पुढे येतो.

हे झुकणं थोपवायचं काम रबराकडे असतं. इंजिन बॉडीला थेट नटबोल्टने आवळलेलं नसतं. धातूच्या दोन भागांमध्ये जाड रबर असलेल्या आधारांवर ते टेकलेलं किंवा टांगलेलं असतं. गॅरेजमध्ये त्यांना ‘फाउंडेशन’ किंवा ‘माउंटिंग’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत दोन मोठी फाउंडेशनं इंजिनाचं वजन पेलतात आणि खालच्या बाजूला दोन टोकांना रबर असलेली एक आखूड दांडी, म्हणजे टॉर्क रॉड, इंजिनाला डोलण्यापासून रोखते.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. पुढच्या दोन चाकांवर मिळून 600 किलो भार आहे आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या 80 टक्के आहे असं धरलं, तर टायर रस्त्याला जास्तीत जास्त 480 किलोच्या जोराने मागे ढकलतील. चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आणि इंजिन ज्या अक्षाभोवती डोलतं त्यापासून टॉर्क रॉडचं अंतर 40 सेंटिमीटर धरलं, तर त्या एका दांडीवर सुमारे 360 किलोंची ओढ येते. हाताच्या मुठीएवढं रबर ही ओढ सोसतं, कमी-अधिक प्रमाणात दर सिग्नलला आणि दर चढाला.

मग रबर इतकं मऊ कशाला? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांनी नुसतं चालू असलं, तरी सेकंदाला 25 स्फोट होतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात सुमारे 19 होतात आणि त्यांचा हादरा जास्त जाणवतो. फाउंडेशन कडक केलं, तर हे सगळे हादरे सीटपर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोचतील. कंपनी म्हणूनच मधला मार्ग काढते. बारीक थरथर गिळण्याइतकं मऊ आणि मोठा झोल रोखण्याइतकं कडक रबर ती निवडते. गाडी नवी असताना हा तोल बरोबर जमलेला असतो.

साठवण आणि सुटका

आता चढावर थांबलेल्या गाडीकडे वळू. चढावर भार मागे सरकतो. सामानासकट 1200 किलोची गाडी पाचास एक अशा चढावर उभी असेल, तर पुढच्या चाकांवरचा पन्नासएक किलो भार कमी होतो. मागच्या सीटवरची माणसं आणि डिकीतली पोती यांनी मागचा भार आधीच वाढलेला असतो. म्हणजे जोर लावायचा त्याच चाकांखालची पकड उणी झालेली असते. खाली सुटी खडी असेल, तर ती आणखी निम्म्याने कमी.

क्लच सुटतो तेव्हा टायरने खडी क्षणभर घट्ट धरलेली असते. चाक जागेवर आणि इंजिनाचा जोर वाढतोय. तो जातो कुठे? गिअरबॉक्समधून चाकाला जोर पोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट थोडा पिळला जातो. इंजिन मागे झुकतं आणि फाउंडेशनचं रबर दाबलं जातं. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांमध्ये ताण येतो. टायरची बाजूची भिंत मुरडते. या प्रत्येकात जोर साठत जातो.

पकडीची मर्यादा ओलांडली की टायर सुटतो. घसरणाऱ्या टायरची पकड न घसरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते, म्हणून तो थोडा थोडा न सुटता एकदम सुटतो. साठलेलं सगळं एका झटक्यात मोकळं होतं. शाफ्ट उलगडतो, इंजिन पुढे येतं, चाक वर उसळतं. जोर ओसरला, चाक खाली आपटलं की टायर पुन्हा खडी धरतो आणि पुन्हा साठवण सुरू होते.

हे चक्र सावकाश चालत नाही. चाक, ब्रेक आणि त्याला जोडलेल्या भागांचं वजन आणि टायरची लवचीकता यांचा मेळ पाहिला, तर छोट्या कारचं चाक स्वभावतःच सेकंदाला 10 ते 15 वेळा वर-खाली व्हायला बघतं. धरणं-सुटणं याच तालात आलं की प्रत्येक फेरीत थोडी नवी ऊर्जा भरली जाते आणि उड्या वाढत जातात. ती ऊर्जा पुरवतो चालकाचा उजवा पाय. रेस वाढवली की उड्या वाढतात त्या यामुळे, आणि पाय काढला की चक्र मोडतं तेही यामुळेच. क्लच हळू सोडला, तर टायर पकडीच्या मर्यादेच्या आत राहतो, सुटतच नाही, म्हणून गाडी चढते.

दाराला लावलेला डॅम्पर

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दाराला वर एक यंत्र बसवलेलं असतं. त्यात स्प्रिंग असते, ती दार ओढून घेते. नुसती स्प्रिंग असती, तर दार धाडकन चौकटीवर आदळलं असतं. आत तेलही असतं. दार फिरताना ते तेल बारीक छिद्रातून ढकलावं लागतं आणि त्यात स्प्रिंगचा जोर खर्ची पडतो. गंमत अशी की दार सावकाश ढकललं तर फारसा विरोध जाणवत नाही, जोरात ढकललं तर मात्र दार अडून बसतं.

स्प्रिंग आणि डॅम्पर यांतला फरक इतकाच आहे. स्प्रिंग घेतलेला जोर परत देते. डॅम्पर तो परत देत नाही, त्याची उष्णता करून टाकतो, आणि त्याचा विरोध वेगावर ठरतो. इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर मुख्यतः स्प्रिंग आहे. त्याच्या जोडीला इंजिनाच्या माथ्यापासून बॉडीपर्यंत एक छोटा, शॉकअपसारखा डॅम्पर लावला, तर इंजिन झुकेल, पण झटक्याने परत येणार नाही. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा कमी होत गेली की उड्यांना ताल सापडत नाही.

याच कामासाठी दुसरा उपाय म्हणून काही जण रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचं फाउंडेशन टाकतात. त्याने झोल नक्की कमी होतो, पण सिग्नलला उभं असताना आरसा थरथरतो आणि लांबच्या प्रवासात हात बधिर होतात. रोज घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला मी तो उपाय सुचवणार नाही. डॅम्परचा फायदा हा की स्थिर भाराला तो विरोध करत नाही आणि बारीक थरथरीतही त्याची हालचाल अगदी थोडी असते.

जीप आणि ट्रॅक्टर: स्प्रिंग दुसरीकडे

इंजिनाचा डॅम्पर लागू पडतो तो इंजिन हलण्याने उड्या बसत असतील तर. साठवण दुसरीकडे होत असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

खेड्यापाड्यांत प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा घ्या. त्यांत जोर मागच्या एक्सलला जातो आणि प्रतिक्रियेचा मोठा भाग एक्सलच सोसतो. पानाच्या स्प्रिंगवर बसलेल्या एक्सलचं नाक वर उचललं जातं, पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वाकतात आणि टायर सुटला की झटक्याने सरळ होतात. मागचं चाक आपटतं ते यामुळे. इथे इंजिनाला डॅम्पर लावून काय होणार? पाटे, त्यांचे बुश, यू-बोल्ट आणि मागचे शॉकअप बघावे लागतील. काही गाड्यांत मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवलेला असतो, तो एक्सलची ही पिळवट आवरण्यासाठीच.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या मागच्या एक्सलला ना स्प्रिंग ना शॉकअप. हवा भरलेला टायर हीच त्याची एकमेव स्प्रिंग. उन्हाळ्यात काळं रान वरून भुसभुशीत आणि खाली टणक असताना पलटी नांगर खोल लावला की चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर कधी कधी पुढे-मागे डोलत उड्या घ्यायला लागतो. कारपेक्षा हा ताल संथ असतो, पण चालकाला सीटवरून उडवण्याइतका जोरकस. रेडियल टायरला हा त्रास जास्त होतो, कारण जुन्या पद्धतीच्या तिरप्या दोऱ्यांच्या टायरच्या भिंतीत घर्षणाने जास्त ऊर्जा मुरते.

याचं औषध हवेत आणि वजनात आहे. आधी प्रत्येक टायरमध्ये त्याच्यावरच्या भारापुरती, पुस्तिकेत दिलेली हवा ठेवायची. ऊस वाहताना भरलेली जास्तीची हवा तशीच ठेवून नांगरायला जाणं ही सगळीकडे दिसणारी चूक. पुढची चाकंही ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये एवढ्याने भागलं नाही, तर पुढच्या टायरची हवा थोडी थोडी वाढवून पाहतात. पुढच्या-मागच्या टायरची लवचीकता वेगळी झाली की ताल तुटतो.

आणि चाकात पाणी भरण्याबद्दल. पकड वाढवायला मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, एका चाकात टायरच्या आकाराप्रमाणे शंभर-दोनशे लिटर बसतं. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून पाणी त्या पातळीपर्यंत आलं की टायर सुमारे 75 टक्के भरतो, तिथेच थांबायचं. पाणी दबत नाही, हवा दबते. पाणी जितकं जास्त तितकी हवेची गादी लहान आणि टायर कडक. म्हणून एका एक्सलच्या दोन्ही टायरमधली पातळी सारखी असलीच पाहिजे.

चौकट: डॅम्पर घेण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. समोर आणि मागे कुणी उभं राहू नये, बघणाऱ्याने बाजूला उभं राहावं. बोनेट उघडून, ब्रेक पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडा आणि लगेच दाबा. मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन थोडं झुकणारच. ते भसकन झुकलं किंवा ‘ठक’ असा आवाज आला, तर फाउंडेशन किंवा टॉर्क रॉडचं रबर गेलं आहे असं समजा. मग गाडी उचलून लोअर आर्मचे बुश, शॉकअपची गळती, सीव्ही जॉइंट आणि टायर पाहा. गुळगुळीत झालेला किंवा जास्त हवा भरलेला टायर लवकर सुटतो. बारीक खडीच्या रस्त्यावर वेगात जाताना चाक उडत असेल, तर तो दोष बहुधा शॉकअपचा असतो.

डॅम्पर बसवताना

फाउंडेशन ठीक आहे, बाकीचं तपासून झालं आहे आणि तरी चाक उडतं, अशा गाडीला डॅम्पर शोभतो. जास्त ताकदीचं डिझेल इंजिन, घाटातली रोजची चढ-उतार, किंवा मातीच्या ट्रॅकवर शर्यतीची हौस, अशी कारणं असू शकतात. सोलापूरकडून तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनिशी वरचेवर चढणाऱ्यांना इंजिनाचा हा झोल ओळखीचा असेल.

किट आपल्याच मॉडेलसाठी बनवलेलं घ्या. त्यात डॅम्पर आणि दोन ब्रॅकेट असतात. एक ब्रॅकेट इंजिनाच्या वरच्या भागावर आणि दुसरं बॉडीच्या भक्कम जागी, बहुधा शॉकअपच्या वरच्या मनोऱ्याजवळ बसतं. इथे भूमिती महत्त्वाची. इंजिन ज्या अक्षाभोवती डोलतं त्याच्यापासून जितकं लांब आणि जितकं हालचालीच्या रेषेत डॅम्पर बसेल, तितकं काम जास्त. अक्षाजवळ किंवा आडवा बसवला, तर तो नुसता शोभेला राहतो.

बहुतेक किटमध्ये फाउंडेशनचाच एखादा बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट लावायचा असतो. तो बोल्ट काढण्याआधी इंजिनाला खालून आधार द्यायलाच हवा. ऑइल चेंबरखाली जाड लाकडी फळी ठेवून तिच्यावर जॅक हलकेच टेकवायचा, नुसता जॅक लावला तर चेंबरचा पत्रा चेपतो. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधीच सोडून ठेवा. इंजिन थंड असू द्या.

डॅम्पर पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण ताणलेला बसवू नका. इंजिन विसावलेलं असताना त्याची दांडी मधोमध हवी, म्हणजे दोन्हीकडे हालचालीला वाव राहतो. पूर्ण ताणून बसवला, तर तो इंजिनाला सतत एका बाजूला ओढत राहील आणि नवं रबरही लवकर जाईल. एक्झॉस्टच्या जवळून नेऊ नका, डॅम्परचं तेलसील भाजून निघेल. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच टॉर्क पान्याने आवळा.

बोनेटला लागतो का हे पाहायची मिस्त्री लोकांची एक सोपी पद्धत आहे. डॅम्परच्या सगळ्यात उंच भागावर कणकेचा गोळा ठेवायचा, बोनेट सावकाश बंद करून उघडायचं आणि गोळा किती चेपला ते बघायचं. गोळ्याची जेवढी जाडी उरली तेवढी जागा. बोटभर जाडी उरली, तर चांगलं. एसीचा पाइप, वायरिंग आणि रेडिएटरची नळी यांना कुठेच घासता कामा नये, कारण इंजिन झुकल्यावर डॅम्परही सरकतो.

घट्टपणा बदलता येणारा डॅम्पर असेल, तर सर्वांत सैल जागेपासून सुरुवात करा. गाडी चालू करून उभी ठेवल्यावर स्टिअरिंगमध्ये थोडी थरथर वाढली, तर ते चालेल. बॉडी घुमायला लागली, तर ब्रॅकेट कुठेतरी टेकलंय किंवा डॅम्पर जादा घट्ट आहे. काही दिवस चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा. गाडी वॉरंटीत असेल, तर बसवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चेसिसला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला लावणारं किट घेऊच नका.

डॅम्परला न जमणारं

डॅम्पर पकड वाढवत नाही. गुळगुळीत टायर खडीवर घसरायचा तो घसरणारच, फक्त कमी आपटेल. लोअर आर्मच्या बुशांतला झोल किंवा शाफ्टची पिळवट यांवरही त्याचा थेट इलाज नाही. आणि फाटलेल्या फाउंडेशनची जागा तो घेऊ शकत नाही, कारण इंजिनाचं वजन पेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही. तरीही फाटलेल्या रबराच्या गाडीला डॅम्पर लावला की काही दिवस धक्के कमी जाणवतात, दोष झाकला जातो आणि इंजिन खाली बसत जाऊन शाफ्टवर आणि गिअरच्या लिंकेजवर ताण येत राहतो. मला यातला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो.

आपल्याकडे हे रबर लवकर जातं. उन्हाळ्यात बाहेरच पारा 40 अंशांच्या वर जातो, बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त उष्णता असते. उष्णतेने रबर कडक होतं, तडकतं. इंजिनाचं तेल गळून त्यावर पडत असेल, तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून नवं फाउंडेशन टाकण्याआधी गळती बंद करा, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी ताब्यात घेण्याआधी मिस्त्रींना बोनेट उघडून, ब्रेक दाबून इंजिन किती डोलतं ते दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. रबर गेलं असेल तर ते आधी बदला, टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे करा आणि त्यानंतरही चाक उडत राहिलं, तरच डॅम्परवर पैसे घाला.